परळमध्ये सापडलेले रक्त

१९५२ च्या मे महिन्यात लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात जेमतेम दोन पानांचा एक लेख आला. लेखकांची नावे सात. पहिली तीन मुंबईची: वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया. उरलेले चौघे लंडनचे, आणि रक्तगटांच्या अभ्यासात त्या काळी त्यांच्याइतके वजन दुसऱ्या कोणाच्या शब्दाला नव्हते. शीर्षक मात्र फार सावध. ए-बी-ओ गटांशी नाते सांगणारा एक 'नवा' गुणधर्म, एवढाच दावा. त्यातही 'नवा' हा शब्द अवतरणचिन्हात. परळच्या केईएम रुग्णालयात तीन माणसे अशी आढळली होती, की ज्यांच्या रक्ताशी कोणाचेच रक्त जुळत नव्हते.

हकिगत अशी सांगतात, की त्यांतला एक रेल्वेच्या अपघातात जखमी झालेला कामगार होता आणि दुसऱ्याला कोणीतरी भोसकले होते. दोघांनाही रक्त हवे होते. रक्तगट ठरवण्याची रीत तेव्हाही साधीच होती. रुग्णाच्या लाल पेशी दोन काचेच्या नळ्यांत घ्यायच्या. एकीत अँटी-ए सीरमचा थेंब टाकायचा, दुसरीत अँटी-बीचा. पेशींवर ए असेल तर पहिल्या नळीत त्या एकमेकींना चिकटतात आणि नळी हलवली की तळाशी लाल रव्याचे गोळे दिसतात. बी असेल तर तेच दुसऱ्या नळीत. दोन्हीकडे द्रव एकसारखा लाल राहिला तर गट ओ. इथे दोन्ही नळ्या एकसारख्या लाल राहिल्या. मग रक्तपेढीतून ओ गटाची बाटली आणून तिच्यातल्या पेशी रुग्णाच्या सीरमशी जुळवून, म्हणजे क्रॉसमॅच करून पाहिले, तर गोळे झाले. दुसरी बाटली, पुन्हा गोळे. ओ गटाच्या पेशींवर ए नसतो आणि बीही नसतो. मग या रुग्णाचे सीरम नेमके कशावर तुटून पडत होते?

केईएम आणि त्याला जोडलेले सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली सुरू झाले. देणगीदारांची अट होती की तिथले अध्यापक भारतीयच असावेत. इंग्रजांच्या राज्यात ती अट धाडसाचीच म्हणायची. भेंडे हे तिथल्या विकृतिशास्त्र विभागातले. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना हे आडनाव माहीत आहे ते देवधरे यांच्यासह लिहिलेल्या पाठ्यपुस्तकामुळे. रक्तगटाच्या शोधातही तेच भेंडे आहेत हे त्यांतल्या अनेकांना बऱ्याच उशिरा कळले असेल.

या तीन माणसांचे आश्चर्य का वाटले, हे कळायला जवळजवळ शतकभर मागे जावे लागते.

ब्रनो शहरातल्या मठात ग्रेगोर मेंडेलने १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्यावर प्रयोग केले आणि १८६५ मध्ये तिथल्या निसर्ग-अभ्यासकांच्या मंडळासमोर ते वाचून दाखवले. गुणधर्म आईबापांकडून जोडीने येतात, जोडीतला एक दुसऱ्याला झाकू शकतो, पण झाकलेला नाहीसा होत नाही आणि पुढच्या पिढीत पुन्हा वर येतो, असा त्याचा निष्कर्ष होता. कोणी फारसे लक्ष दिले नाही. मेंडेल १८८४ मध्ये गेला. १९०० साली तीन वनस्पतिशास्त्रज्ञ वेगवेगळ्या वाटांनी त्याच निष्कर्षापाशी पोहोचले आणि जुना लेख धुळीतून बाहेर आला. नेमक्या त्याच सुमारास व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचे रक्त एकमेकांच्या सीरममध्ये मिसळून पाहत होता. त्यातून १९०१ साली माणसाच्या रक्ताचे गट जगासमोर आले. या दोन शोधांची गाठ पडायला मात्र आणखी दहा वर्षे लागली. १९१० मध्ये हायडेलबर्गला फॉन डुंगर्न आणि लुडविक हिर्शफेल्ड यांनी कुटुंबेच्या कुटुंबे तपासली आणि रक्तगट मेंडेलच्या नियमांनी पुढे जातात असे दाखवून दिले.

हिर्शफेल्ड हा पुढे पहिल्या महायुद्धात सालोनिका आघाडीवर डॉक्टर होता आणि त्याची पत्नी हान्ना हीही. तिथे दोस्त राष्ट्रांच्या फौजांत नाना देशांचे सैनिक एकाच ठिकाणी जमलेले होते. या नवराबायकोने हजारो सैनिकांचे रक्त तपासले. त्यांत ब्रिटिश फौजेतले भारतीय शिपाईही होते. १९१९ साली छापलेल्या त्यांच्या आकड्यांत इंग्रजांमध्ये बी गट शंभरात ७ जणांचा, तर भारतीयांत तो ४० च्या आसपास. माणसांच्या समूहांची तुलना रक्तावरून करण्याचा हा पहिलाच मोठा प्रयत्न. त्यातून काही मंडळींनी वंशश्रेष्ठतेचे नको ते अर्थ काढले. ज्याच्या आकड्यांवरून ते काढले, तो हिर्शफेल्ड ज्यू होता आणि पुढे त्याला वॉर्साच्या घेट्टोत राहावे लागले.

त्या आकड्यांचा खरा उपयोग गॉटिंगेनच्या फेलिक्स बर्नस्टाइन या गणितज्ञाने केला. ए आणि बी ही दोन स्वतंत्र जनुके असावीत, असा आधीचा तर्क होता. तो खरा धरला तर एबी गटाची माणसे किती निघायला हवीत, याचा बर्नस्टाइनने हिशेब मांडला. तो प्रत्यक्षाशी जुळेना. १९२४ च्या सुमारास त्याने सांगितले की जनुक एकच आहे आणि त्याची रूपे तीन: ए, बी, ओ. प्रत्येक माणसाकडे त्यांतली कोणतीही दोन, एक आईचे आणि एक बापाचे. ए आणि बी एकत्र आले तर दोघेही दिसतात. ओ मात्र दोघांच्याही मागे लपतो. रक्ताचा एक थेंबही न तपासता त्याने निव्वळ आकडेमोडीवर हे काढले होते, याचे कौतुक वाटते.

इथून पुढे नियम अगदी काटेकोर झाले. ओ गटाच्या माणसाकडे ओ हेच रूप दोनदा असणार, म्हणून त्याच्या मुलाला त्याच्याकडून ए किंवा बी मिळणे शक्य नाही. आई ए आणि बाप ओ असेल तर मूल बी असू शकत नाही. असेल तर बाप दुसरा. पितृत्वाच्या दाव्यांत युरोपातली न्यायालये हा पुरावा मानू लागली, आणि संशयाचा सगळा भार अर्थातच बाईवर पडला.

अशा दाव्यांतला सर्वांत गाजलेला दावा हॉलीवूडचा. जोन बॅरी या तरुणीने आपल्या मुलीचा बाप चार्ली चॅप्लिन असल्याचे सांगितले. रक्त तपासले तेव्हा आई ए, मुलगी बी आणि चॅप्लिन ओ निघाला. डॉक्टरांच्या मते प्रश्न तिथेच संपत होता. तरीही कॅलिफोर्नियाच्या ज्यूरीने १९४५ मध्ये निकाल चॅप्लिनविरुद्ध दिला आणि त्याला मुलीचा खर्च उचलावा लागला. ज्यूरीने विज्ञान धाब्यावर बसवले म्हणून पुढे बरीच ओरड झाली. गंमत अशी की, सात वर्षांनी परळमध्ये जे सापडले ते लक्षात घेतले, तर ए आणि ओ यांच्या पोटी बी जन्मणे अगदीच अशक्य राहत नाही. चॅप्लिनच्या बाबतीत ही शक्यता दहा लाखांत एकाइतकी क्षीण होती, हे मान्य. पण शून्य आणि दहा लाखांत एक यांत फरक असतोच.

परळचे नमुने लंडनला लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये गेले. तिथे रॉबर्ट रेस आणि रूथ सँगर होते. रक्तगटांवरचे त्यांचे पुस्तक जगभरच्या रक्तपेढ्यांत धर्मग्रंथासारखे उघडले जाई. ही दोघे पुढे पतिपत्नीही झाली. त्याच संस्थेत वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स ही जोडगोळी रक्तगटांमागचे रसायन शोधत होती. ओ गटाच्या पेशी अगदी कोऱ्या नसतात, त्यांच्यावरही एक पदार्थ असतो, हे त्यांना तोपर्यंत कळले होते. त्याला त्यांनी 'एच' म्हटले होते. हा एच सगळ्यांकडेच असतो. ओ गटात तो सर्वांत जास्त दिसतो एवढेच. मुंबईच्या तिघांच्या पेशींवर ए नव्हता, बी नव्हता आणि हा एचही नव्हता. त्यांच्या सीरममध्ये मात्र तिन्हींविरुद्ध प्रतिपिंडे होती. ओ गटाचे रक्त त्यांना का चालत नव्हते, त्याचे उत्तर मिळाले. इतरांचा ओ त्यांना परका होता, कारण त्यावर एच होता.

पण एक प्रश्न उरलाच. या माणसांकडे ए-बी-ओ जनुकाची कोणती रूपे होती? ती ओ-ओच असतील तर मग एच कुठे गेला?

असेच एक कोडे केंब्रिजमध्ये फुलझाडांनी घातले होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विल्यम बेटसन आणि रेजिनाल्ड पनेट 'स्वीट पी'च्या फुलवेलींवर काम करत होते. त्यांनी पांढऱ्या फुलांच्या दोन जातींचा संकर केला. दोन्हीकडे पांढरा रंग पिढ्यान्‌पिढ्या पक्का होता, आणि संतती निघाली जांभळी. त्या जांभळ्यांच्या पुढच्या पिढीत नऊ जांभळ्यांमागे सात पांढरी, असे प्रमाण आले. मेंडेलच्या तीनास एकात हे बसत नव्हते. उलगडा असा: जांभळा रंग तयार व्हायला दोन वेगळी जनुके लागतात. एका जातीत पहिले मोडलेले होते, दुसरीत दुसरे. दोघांचा संकर झाला तेव्हा प्रत्येकीने दुसरीची उणीव भरून काढली. पांढरे दिसणे एकच, त्यामागची कारणे दोन. एका जनुकाचा परिणाम दुसऱ्या जनुकाने झाकला जातो, या प्रकाराला बेटसननेच नाव दिले.

रक्तात तसेच घडत होते, हे सिद्ध झाले १९५५ मध्ये अमेरिकेत. फिलिप लेव्हाइन हा लँडस्टायनरचा एकेकाळचा सहकारी. त्याच्यासमोर एका इटालियन वंशाच्या कुटुंबातली स्त्री आली. तपासणीत ती ओ ठरत होती, पण तिच्या अपत्यात बी होता आणि तो तिच्याकडूनच आलेला होता. म्हणजे बीचे जनुक तिच्याकडे शाबूत होते, फक्त ते दिसू देणारे दुसरे जनुक तिच्यात बंद पडले होते. तिने बी पुढे दिला, मुलाला एचचे चालू जनुक बापाकडून मिळाले, आणि आईत झाकलेला गुण अपत्यात उजळ माथ्याने प्रकटला. लेव्हाइनने या प्रकाराला मुंबईच्या शोधावरून 'बॉम्बे' नाव दिले. शहराचे नाव १९९५ मध्ये मुंबई झाले तरी रक्तपेढीच्या वहीत अजून बॉम्बेच लिहितात.

रसायन समजून घेतले की सगळे सोपे होते. लाल पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या साखळ्या असतात. एचचे जनुक एक विकर बनवते. ते विकर साखळीच्या टोकाला फ्यूकोज नावाची साखर जोडते. ही झाली खुंटी. ए जनुकाचे विकर त्या खुंटीवर एक साखर अडकवते, बीचे विकर दुसरी. ओ जनुकाचे विकर निकामी असल्यामुळे खुंटी रिकामी राहते. बॉम्बे गटाच्या माणसाकडे खुंटीच नसते. ए आणि बीची विकरे अगदी ठणठणीत असली तरी अडकवणार कशावर? ए-बी-ओचे जनुक नवव्या गुणसूत्रावर, एचचे एकोणिसाव्यावर. दोघे एकमेकांपासून अगदी स्वतंत्रपणे वारशात येतात, म्हणून मुखवटा एका जनुकाचा असतो आणि मुखवट्याआडचा चेहरा दुसऱ्याचा.

मग हा गट भारतात, त्यातही मुंबईच्या परिसरात इतका का? मुंबईत १९५७ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने रक्तगट संदर्भ केंद्र सुरू केले. तीच आजची केईएमच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था. भाटिया यांचे नाव या केंद्राशी कायमचे जोडले गेले. १९७४ मध्ये भाटिया आणि साठे यांनी मुंबईतले प्रमाण प्रसिद्ध केले: ७,६०० माणसांत एक. युरोपात ते दहा लाखांत एक एवढे असते. सापडलेल्या कुटुंबांत महाराष्ट्रातली बरीच, त्यातही कोकणची मोठ्या संख्येने; शिवाय गोवा, कर्नाटक, आंध्र इथलीही.

याचे एक उत्तर लग्नाच्या रिवाजात आहे. एचचे मोडके रूप आईकडून आणि वडिलांकडून, असे दोनदा मिळाले तरच बॉम्बे गट दिसतो. एकदाच मिळाले तर माणूस वाहक राहतो. त्याला त्याचा पत्ताही नसतो. दहा हजारांत एक बॉम्बे असे धरले, तर हिशेबाने साधारण पन्नासात एक जण वाहक निघतो. अशा दोन अनोळखी वाहकांची गाठ पडणे दुर्मिळ. पण मामेबहिणीशी लग्न झाले की तेच मोडके रूप एका आजीकडून किंवा आजोबांकडून दोन्ही वाटांनी खाली येऊ शकते. याच आकड्यांवर मामेबहीण-आतेभावाच्या अपत्यात बॉम्बे गटाची शक्यता अनोळखी जोडप्याच्या सुमारे सात पट होते. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, असे महाराष्ट्रातल्या अनेक जातींत पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले. शिवाय मुळात लग्न जातीतच. भेंडे यांच्या शोधाच्या आदल्याच काळात, १९५० साली, एल. डी. संघवी आणि वसंत खानोलकर यांनी मुंबईतल्या सहा अंतर्विवाही समूहांच्या आनुवंशिक गुणांची तुलना छापली होती. एकाच शहरात शेजारीशेजारी राहणाऱ्या, पण एकमेकांत सोयरीक न करणाऱ्या समूहांतले फरक त्यात आकड्यांनिशी मांडलेले आहेत. बॉम्बे गट याच मातीत मुंबईला सापडला, हा निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. मुंबईत तो तपासणारे डॉक्टर होते, हेही तितकेच खरे.

१९९० च्या दशकात जनुकच वाचता येऊ लागले. भारतीय बॉम्बे गटाच्या माणसांत एचच्या जनुकात एकाच ठिकाणी, एकाच अक्षराचा बदल आढळला; त्यामुळे विकरात ल्युसिनच्या जागी आर्जिनिन बसते आणि विकर निकामी होते. त्याच गुणसूत्रावर शेजारी एचचे एक भावंड-जनुक असते. लाळेसारख्या स्रावांत रक्तगटाचे पदार्थ उतरवण्याचे काम त्याचे. या माणसांत ते जवळजवळ सगळेच गळालेले असते. एकमेकांना न ओळखणाऱ्या कुटुंबांत ही दोन्ही मोडतोड जोडीनेच दिसते. प्रत्येक घरात ती वेगळी घडली असती तर असे जुळून आले नसते. कधीतरी एका पूर्वजात हा तुकडा तयार झाला आणि तिथून पसरला, असाच त्याचा अर्थ. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरही बॉम्बे गट आहे. तिथे ऊसमळ्यांवर मजुरीला गेलेल्या भारतीयांच्या वंशजांत नेमका हाच भारतीय बदल सापडला, आणि युरोपीय वंशजांत एचचाच, पण वेगळा आणि काहीसा सौम्य दोष.

आजही बॉम्बे गट हुकतो तो एका आळसामुळे. फक्त अँटी-ए आणि अँटी-बी टाकून पाहिले तर तो ओ म्हणूनच नोंदला जातो. उलट तपासणी केली, म्हणजे रुग्णाच्या सीरममध्ये ओ गटाच्या पेशी घालून पाहिल्या, तर तत्काळ गोळे होतात आणि खरे कळते. खात्रीसाठी युरोपात उगवणाऱ्या पिवळ्या फुलांच्या एका काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क वापरतात. हा अर्क एचला धरतो. साध्या ओ पेशी त्यात घट्ट गोळा होतात, बॉम्बेच्या पेशी तशाच सुट्या राहतात.

ही माणसे आजारी नसतात. आपला गट वेगळा आहे हे त्यांना कळते तेच मुळी बाळंतपणात, शस्त्रक्रियेच्या आधी किंवा रक्तदान शिबिरात. आरएच जुळत असेल तर त्यांच्या लाल पेशी कोणालाही देता येतात, पण तसे कोणी करत नाही. रक्ताची पिशवी शीतपेटीत जास्तीत जास्त ३५ ते ४२ दिवस टिकते. म्हणून अशा दात्यांना शिबिरात घाईने रक्त देऊ देत नाहीत. नाव आणि फोन टिपून ठेवतात आणि गरज पडली की बोलावतात. आणि नवा बॉम्बे रुग्ण सापडला की रक्तपेढीतले पहिले काम म्हणजे त्याच्या सख्ख्या भावंडांना तपासणे. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक भावंडात तोच गट निघण्याची शक्यता चारात एक असते.